पांढरी साळुंकी आणि जळलेली पिसं

तू विचारलेलं आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. करवीर तालुक्यात तुमच्या रानात, उसाच्या फडाकडेला गेले पंधरा दिवस एक पांढरी साळुंकी येते आहे. चार नेहमीच्या साळुंक्या आणि ही पाचवी. तीन सकाळी तू बांधावर बसलास, दीडशे-सहाशे मिलिमीटरच्या लेन्सनं फोटो काढलेस, आणि घरी येऊन बघतोस तर पक्ष्याच्या जागी पांढरा डाग. चोच दिसते, डोळ्यामागची पिवळी कातडी दिसते, पिसांचा पत्ता नाही. एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी आत घेतलेला प्रकाश, कुठं चुकतंय आणि हा पक्षी अल्बिनो, म्हणजे अंगात गडद रंग बनतच नसलेला, आहे का, असे तुझे दोन प्रश्न.

दुसऱ्याचं उत्तर पहिल्यात अडकलंय. पिसं जळलेल्या फोटोवरून पक्षी कशामुळं पांढरा झालाय हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून आधी एक्स्पोजर.

तू पाठवलेल्यांपैकी नांगरटीवरचा फोटो घेऊ. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं, ऊन स्वच्छ, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ४००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ६.३, शटर १/५०० सेकंद. कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटीवर, म्हणजे ॲपर्चर तू ठरवतोस आणि शटर कॅमेरा; कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्यानं ठरवलेल्यात आपण केलेली कमी-जास्त, शून्य. त्या उन्हात पांढऱ्या पिसांसाठी शटर १/२००० च्या आसपास हवं होतं. म्हणजे फोटो दोन स्टॉप ओव्हर झाला, चौपट प्रकाश आत गेला; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये काही दोष नाही, दुरुस्तीला टाकू नकोस.

कॅमेऱ्यातला मीटर समोरून किती उजेड परत येतो ते मोजतो, आणि समोर जे काही आहे ते सरासरी मधल्या करड्या छटेचं असणार असं धरून चालतो. ही करडी छटा तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत फेकते. पांढरी पिसं ९० टक्क्यांच्या घरात जातात. पाचपटीचा फरक, स्टॉपमध्ये सांगायचं तर सव्वादोनच्या थोडा वर. नव्या कॅमेऱ्यांचे मीटर रंग बघतात, फोकस कुठं आहे ते बघतात, तरी मूळ हिशेब हाच.

आता तुझी फ्रेम बघ. नव्वद टक्के जागा ओल्या काळ्या मातीनं भरलीय आणि मध्ये लिंबाएवढा पक्षी. मीटरला माती दिसली. अंधार फार आहे असं समजून त्यानं शटर संथ केलं, काळी माती करडी करून टाकली, आणि साळुंकी त्यात गेली. हाच पक्षी तारेवर बसला आणि मागं पांढुरकं आभाळ असलं तर उलटं होईल. मीटरला आभाळ दिसेल, शटर वाढेल, साळुंकी मळक्या धोतरासारखी राखाडी येईल. पक्ष्यावरचं ऊन दोन्ही वेळेला तेवढंच, तरी दोन फोटो दोन टोकांचे.

म्हणून पांढऱ्या पक्ष्यासाठी मी कॅमेरा मॅन्युअलवर (सगळे आकडे आपणच ठरवायचे) टाकतो आणि पक्ष्यावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब धरतो. माती, ऊस, आभाळ, काहीही मागं येऊ दे. ऊन बदलत नाही तोवर आकडे बदलायचे नाहीत.

हिशेब सोपा आहे. फिल्मच्या काळापासून चालत आलेला नियम असा की भर उन्हात ॲपर्चर एफ १६ ठेवलं तर शटर आयएसओच्या आकड्याइतकं ठेवायचं. आयएसओ ४०० असेल तर १/४००. तेच एफ ६.३ वर आणलं की शटर १/२५०० होतं. हे सर्वसाधारण वस्तूंसाठी झालं. पांढऱ्या पिसांसाठी यातून आणखी एक स्टॉप कमी करायचा, म्हणजे १/५०००. हे दुपारच्या कडक उन्हाचं. सूर्योदयानंतर तासाभरानं ऊन साधारण एक ते दीड स्टॉप मऊ असतं, तेव्हा १/२००० ते १/२५००. या आकड्यांवरून सुरुवात कर, एक फोटो काढ, मागं बघ, गरज असेल तर एक-तृतीयांश स्टॉपनं इकडंतिकडं सरक. पातळ ढग आला की पुन्हा एकदा बघायचं. रान सोडेपर्यंत दर दहा मिनिटांनी ही नजर टाकायची सवय लागली पाहिजे, कारण सकाळचं ऊन चढत जातं आणि साडेसातला बरोबर असलेले आकडे साडेआठला ओव्हर होतात.

आता मागं बघायचं म्हणजे काय बघायचं, यात बरेच जण फसतात. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख, बघा असं सगळे सांगतात. पण तुझ्या फ्रेममध्ये पक्षी दोन-तीन टक्के जागा व्यापतो. तो पूर्ण जळला तरी हिस्टोग्रामच्या उजव्या कडेला केसाएवढी रेघ उठेल, पडद्यावर दिसणारसुद्धा नाही. मातीचा मोठा डोंगर मध्ये छान बसलेला दिसेल आणि तू खूश होशील. लहान पक्ष्यासाठी हायलाइट अलर्ट चालू कर, म्हणजे जळलेला भाग पडद्यावर काळा-पांढरा लुकलुकतो. मग फोटो मोठा करून छातीवर आणि खांद्यावर नेऊन बघ. एखाद्या पिसाच्या कडेला टाचणीएवढं लुकलुकलं तर चालेल. छातीभर लुकलुकलं तर शटर वाढव. कॅमेऱ्यात झेब्राची, म्हणजे जळणाऱ्या भागावर पट्ट्या दाखवायची सोय असेल तर फोटो काढायच्या आधीच हे कळतं.

अलर्ट आणि हिस्टोग्राम दोन्ही कॅमेऱ्यानं तयार केलेल्या जेपीईजी फोटोवरून बनतात, तू रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) काढत असलास तरी. म्हणून पिक्चर स्टाइल न्यूट्रलवर ठेव, कॉन्ट्रास्ट कमी कर. भडक स्टाइल ठेवलीस तर न जळलेलं जळलेलं दिसेल आणि घाबरून तू उगाच अंडर करशील. आणि तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लाव. कोवळ्या उन्हात तांबडा रंग सगळ्यांत आधी फुटतो, म्हणजे जळतो. एकत्र आलेखात सगळं ठीक दिसतं, पण पिसांवर पिवळट गुळगुळीत थर चढलेला असतो.

हे सगळं साळुंकीसमोर शिकायला जाऊ नकोस. घराच्या गच्चीवर एक पांढरा टर्किश टॉवेल आणि काळी छत्री घे. छत्री उघडून उन्हात ठेव, तिच्यावर टॉवेल टाक आणि वीस-पंचवीस पावलांवरून फोटो काढ. टॉवेलचे धागे सुटे दिसले पाहिजेत. छत्री पूर्ण काळी आली तरी हरकत नाही. मग तोच टॉवेल दोरीवर आभाळासमोर टाक आणि आकडे न बदलता पुन्हा काढ. दोन्ही फोटोंत टॉवेल सारखा आला की मी वर काय म्हणालो ते हाताला कळेल. टॉवेलवर स्पॉट मीटरनं, म्हणजे फ्रेमचा छोटा तुकडाच मोजणाऱ्या मीटरनं, मोजून पण बघ. मीटर शून्यावर आणलास तर टॉवेल करडा येतो. तिथून दीड ते पावणेदोन स्टॉप वर गेलं की पांढरा होतो आणि धागे राहतात. पूर्ण दोनच्या वर गेलास की धागे जायला लागतात.

त्यानंतर आठवडाभर बगळे. कोल्हापूरकरांना यासाठी कुठं लांब जायला लागत नाही. रंकाळा आहे, कळंबा आहे, पंचगंगेचा काठ आहे. पण सगळ्यांत चांगली शाळा म्हणजे नांगरटीला लागलेला ट्रॅक्टर. मागं पंधरा-वीस गायबगळे चालत असतात, काळ्या मातीवर, हिरव्या उसासमोर, मध्येच उडून आभाळात. पाच मिनिटांत तिन्ही पार्श्वभूमी मिळतात आणि पक्षी घाबरत नाहीत, कारण त्यांचं लक्ष वर आलेल्या किड्यांवर असतं. मॅन्युअलवर एकच आकडा ठेवून तिन्हीकडं फोटो काढ आणि घरी शेजारी शेजारी लावून बघ.

मॅन्युअल जमेपर्यंत ॲपर्चर प्रायॉरिटीवरच राहायचं असेल तर काळी माती किंवा गर्द सावली मागं असताना उणे एक ते उणे दोन, उसाच्या हिरव्यावर उणे दोन-तृतीयांश ते उणे एक, उजळ आभाळासमोर अधिक एक ते दीड, आणि पक्ष्यानं फ्रेम भरली तर अधिक दोन-तृतीयांश ते एक. निकॉनच्या २०१४ च्या डी ८१० पासून हायलाइटवर भर देणारं मीटरिंग आलं, आता इतरही काही कॅमेऱ्यांत ते मिळतं. काळ्या मातीवरच्या पांढऱ्या पक्ष्याला ते खरंच उपयोगी पडतं. मात्र जवळपास पाण्याची चकाकी असेल तर ते चकाकीलाच जपतं आणि पक्षी अंधारात जातो.

मी हे कशातून शिकलो ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मे महिन्यात मी दाजीपूरच्या बाजूला होतो. राधानगरीचं हे अभयारण्य १९५८ सालचं, महाराष्ट्रातलं सगळ्यांत जुनं. लोक तिथं गव्यासाठी जातात, मी सर्पगरुडासाठी गेलो होतो. सकाळभर आभाळासमोर त्याचे फोटो काढले, त्यासाठी कॉम्पेन्सेशन अधिक एक आणि एक-तृतीयांशवर ठेवलेलं. परतताना रस्त्याकडेच्या करवंदीच्या जाळीवर बुलबुल उतरला. लालबुड्या बुलबुल, पण अंगभर पांढरा. मागं जाळीचा गर्द अंधार. वीस सेकंद असेल तो तिथं. एक करवंद तोडलं, चोचीत फिरवलं, गिळलं, शेपटी झटकली आणि आत गेला. माझ्या हातात नऊ फोटो. काळ्या पार्श्वभूमीला उणे हवं होतं, माझं चाक अधिकवर राहिलेलं. तिथंच सव्वादोन ते सव्वातीन स्टॉपची तफावत झाली. नऊच्या नऊ फोटोंत पक्ष्याच्या आकाराचं भोक पडल्यासारखं पांढरं, आणि शेपटीखालचा लाल डाग तेवढा स्वच्छ. पुढचे चार दिवस त्या जाळीसमोर बसलो. तो परत दिसला नाही, अजूनपर्यंत नाही. तेव्हापासून कॅमेरा खाली ठेवताना चाक शून्यावर आणूनच ठेवतो. तूही ही सवय आजच लावून घे.

प्रकाशाबद्दल थोडं. पांढऱ्या पिसांना आपल्या थेट पाठीमागून येणारं ऊन सपाट करतं. ऊन किंचित बाजूनं आलं तर प्रत्येक पिसाच्या कडेची बारीक सावली पडते आणि पक्षी गोल दिसतो. तुझ्या बांधावरून सकाळी सूर्य बरोबर पाठीमागं येतो, असं सावल्यांवरून दिसतंय. बांधाच्या दुसऱ्या टोकाला बसून बघ. पातळ ढगाची सकाळ मिळाली तर सोन्याहून पिवळं. साडेनऊनंतर रानातून वाफ उठायला लागते, सहाशे मिलिमीटरवर पिसं लाटेसारखी हलतात. त्या वेळचा मऊ फोटो बघून लेन्सला दोष देऊ नकोस, घरी जा.

सावलीतलं गणित वेगळं. स्वर्गीय नर्तक पक्ष्याचा पांढरा नर झाडीत नाचत असतो तेव्हा पानांतून पडणारे उन्हाचे कवडसे आणि सावली यांत तीन स्टॉपचा फरक सहज असतो. लांब शेपटीवर एक कवडसा पडला की तेवढा तुकडा जळतोच. तिथं पक्षी पूर्ण सावलीत येईपर्यंत बोट आवरायचं, दुसरा मार्ग नाही. फोकसचंही लक्षात ठेव. कोऱ्या पांढऱ्या छातीवर ऑटोफोकसला धरायला काही मिळत नाही, तो मागंपुढं चाचपडतो. पॉइंट डोळ्यावर किंवा चोचीच्या मुळाशी ठेव.

रॉ फाइल एडिट करताना एवढंच सांगेन. थोडं ओव्हर झालेलं रॉमधून परत येतं, बऱ्याचदा एक स्टॉपपर्यंत, पण तिन्ही रंग फुटले असतील तर तिथं काहीच नोंदलेलं नसतं आणि हायलाइटची पट्टी खाली ओढली की राखाडी चिखल होतो. सगळ्यांत उजळ पीस २५५ पैकी (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे कोरा पांढरा) २४०-२४५ च्या आसपास राहू दे. क्लॅरिटी वाढवून पिसं तारांसारखी करू नकोस. आणि पांढऱ्याला पूर्ण कोरं करण्याच्या मागं लागू नकोस. कोल्हापूर चित्रकारांचं गाव. इथल्या कुठल्याही जुन्या चित्रकाराला विचार, तो सांगेल की पांढऱ्या कापडाच्या सावलीत निळा असतो, शेजारच्या वस्तूचा रंग उतरलेला असतो. उसाकडेला बसलेल्या पांढऱ्या पक्ष्याच्या पोटावर हिरवट झाक येणारच. ती थोडी कमी कर, पुसून टाकू नकोस.

आता अल्बिनोचं. पिसांतला काळा आणि तपकिरी रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा असतो. अल्बिनो पक्ष्यात ते बनवायला लागणारं टायरोसिनेज हे एन्झाइम काम करत नाही, त्यामुळं पिसांत, कातडीत आणि डोळ्यांतही मेलॅनिन नसतं. आतलं रक्त दिसतं म्हणून डोळा गुलाबी-लाल. अशा पक्ष्यांची नजर अधू असते, उजेड सोसत नाही, अंतराचा अंदाज येत नाही. बहुतेक जण घरट्याबाहेर फार दिवस टिकत नाहीत. म्हणून रानात धडधाकट वावरणारा, थव्याबरोबर उडणारा पांढरा पक्षी अल्बिनो असण्याची शक्यता फार कमी. तुझ्या फोटोत डोळा गडद आहे, तेवढं जळूनही दिसतंय. तेव्हा अल्बिनो आपण बाजूला ठेवू.

साळुंकीची चोच आणि डोळ्यामागची कातडी मात्र पिवळीच राहिली आहे, कारण तो पिवळा कॅरोटिनॉइड या वेगळ्या रंगद्रव्याचा, मेलॅनिनशी त्याचा संबंध नाही. माझ्या बुलबुलाचा लाल डाग राहिला तो याच कारणानं.

मग उरतात तीन शक्यता. एक ल्युसिझम. यात रंगपेशी कातडीपर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळं पीस जन्मापासून पांढरं, आणि पांढरे भाग बहुधा दोन्ही बाजूंना सारखे. दुसरी शक्यता माणसाच्या केसांसारखी, वयानं किंवा आजारपणानं दर पिसझडीला पांढरी पिसं वाढत जाणं. इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयात हाइन व्हॅन ग्रूव यांनी पक्ष्यांच्या अशा रंगबदलांवर मोठं काम केलंय, आणि रानात दिसणाऱ्या पांढऱ्या पिसांमागं हे कारण सगळ्यांत जास्त आढळतं असं ते दाखवतात. तिसरी शक्यता मला तुझ्या साळुंकीसाठी महत्त्वाची वाटते. काही पक्ष्यांत मेलॅनिन असतं पण ते पूर्ण पिकलेलं नसतं, काळ्याऐवजी फिकट तपकिरी होतं. असं पीस उन्हात भराभर विटतं. पुढची पिसझड जवळ आली की असा पक्षी लांबून पांढराच दिसतो, पण मिटलेल्या पंखाखाली, जिथं ऊन लागत नाही, तिथं दुधाळ कॉफीचा रंग राहिलेला असतो.

हा कॉफीचा रंग टिपायला एक्स्पोजर बरोबर हवं. तो पांढऱ्यापेक्षा जेमतेम अर्धा-पाऊण स्टॉप खाली असतो. तू दोन स्टॉप ओव्हर गेलास की तोही कोरा पांढरा होऊन जातो, आणि आपण सगळे मिळून भलताच निष्कर्ष काढतो.

तर मला हव्या असलेल्या फ्रेम अशा. डोळ्याची जवळून एक, फ्लॅश न वापरता. दोन्ही बाजूंनी एकेक, डाव्या-उजव्या पिसांची तुलना करायला. आणि पंख पसरतानाची एक. साळुंकी किडे खाऊन झाल्यावर बांधावर बसते, पिसं नीट करते, मग एका बाजूचा पंख आणि पाय लांब ताणते. त्या दोन सेकंदांत पंखाची लपलेली बाजू उघडी पडते. पंखातल्या मोठ्या पिसांची टोकंही बघ, मेलॅनिननं पिसाला बळकटी येते आणि ते नसलं की टोकं झिजतात, फाटतात.

जागेबद्दल कळकळीनं सांगतो. तू मला गावाचं नाव सांगितलंस, ते मी इथं लिहिलेलं नाही, तूही लिहू नकोस. पांढरा पक्षी शिक्र्याला आधीच लांबून दिसतो, त्यात रोज दहा गाड्या आणि वीस लेन्सा नकोत. मोबाइलवरून फोटो पाठवताना त्यातलं लोकेशन काढून टाक. आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर) नोंद करणार असलास तर ठिकाण झाकण्याची सोय आहे, ती वापर. आवाज वाजवून बोलावणं, दाणे टाकून जवळ आणणं, घरट्याकडं जाणं, यातलं काहीही नको. तिनं खाणं थांबवून तुझ्याकडं मान वर केली तर ते तुझं शेवटचं पाऊल, तिथंच बस.

आणि घाई नको. तिथं ऊस उभा आहे, पाणी आहे, थवा आहे, ती राहील असं वाटतं. साळुंक्यांची पिसं विणीनंतर, पावसाळा सरताना बदलतात. तेव्हा याच बांधावरून, स्वच्छ उन्हात, याच आकड्यांवर पुन्हा फोटो काढ. नवी पिसं कॉफीच्या रंगाची उगवली तर तिसरी शक्यता पक्की. पांढरी तेवढीच राहिली तर ल्युसिझम. आणि आज कुठं एखादं काळं पीस दिसत असेल आणि तेव्हा तेही पांढरं झालेलं असेल, तर दुसरी. आजचे फोटो नीट जपून ठेव, रॉ फाइलींसकट, तारखेनिशी. ऑक्टोबरात दोन्ही समोर ठेवून बघू.